वाडा कुठं उतरलाय?

इग्लू म्हटलं की बर्फाचा घुमट डोळ्यांपुढं येतो. इन्युइटांच्या भाषेत मात्र इग्लू म्हणजे नुसतं घर, कशाचंही असो. बर्फाचा घुमट प्रामुख्याने कॅनडातला आणि तोही हिवाळ्यापुरता. उन्हाळ्यात कातड्याचा तंबू. ग्रीनलंडमध्ये बहुतेकांची हिवाळी घरं दगडमातीची होती.

आपल्याकडं तीच गत ‘वाडा’ या शब्दाची. सातारा शहरात वाडा म्हणजे चौक, दिंडी दरवाजा, सागवानी खांब. माण-आटपाडीच्या धनगराचा वाडा चालतो. काही कुटुंबं, त्यांची मेंढरं, कुत्री, आणि घोड्यावर लादलेला संसार. कोवळी कोकरं, कोंबड्यासुद्धा त्याच घोड्यावर.

याचं कारण पावसात आहे. महाबळेश्वरला वर्षाला 5000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, त्याच जिल्ह्यातल्या माणमध्ये 500च्या आसपास. सांगलीतल्या आटपाडी-जतची तीच कथा. दिवाळीनंतर इथला चारा सरत जातो आणि वाडे निघतात. काही घाट उतरून कोकणात, काही बागायती गावांकडं. शेतकरी रानात मेंढरं बसवून घेतो. त्याला लेंडीखत मिळतं, वाड्याला धान्य किंवा पैसे. रात्री मेंढरांभोवती वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण. बाजूला तीन दगडांची चूल. झालं घर.

मग पावसाळ्यात कोकणातच का राहत नाहीत? तिथल्या चिखलात मेंढरांचे खूर सडतात. म्हणून ज्याला आपण दुष्काळी म्हणून नाक मुरडतो, तो माणदेश मेंढरांना पावसाळ्यात मानवतो. ‘भटके’ हा शब्द मला म्हणूनच पटत नाही. यात भटकणं कुठंय? ठरलेल्या ऋतूत, ठरलेल्या कामासाठीचं जाणं-येणं आहे हे.

सरकारांना मात्र माणूस एका जागी लागतो. कॅनडानं 1953 साली काही इन्युइट कुटुंबं इनुकजुआकहून सुमारे 2000 किलोमीटर उत्तरेला नेऊन वसवली. माफी मागायला 2010 उजाडलं.

 आपल्याकडं बेघर भटक्या-विमुक्तांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना आहे. 5 गुंठे जागा, 269 चौरस फुटांचं घर. एक अट अशी, की कुटुंब वर्षातले किमान 6 महिने एका ठिकाणी राहणारं हवं. मृगाच्या सुमारास माणदेशी परतलेला वाडा दिवाळीनंतर पुन्हा निघतो. बोटं मोडून मोजा: जेमतेम पाच महिने. उरलेला एक कुठल्या गावाच्या नावावर टाकायचा?