सालाझारला न कळलेली बातमी

शाळेत हेडमास्तर आजारी पडले, की ती वार्ता शिपायाआधी मुलांना कळते, आणि मधल्या सुटीपर्यंत त्यांच्या सर्दीचा विषमज्वर झालेला असतो. मास्तरकीत मी एक गोष्ट शिकलो. खरी हकीकत सांगायला जितका उशीर, तितका हा ताप चढत जातो. राज्यांचेही काही निराळे नसते.

सालाझार हे नाव आपल्याकडे घरोघरी ठाऊक झाले ते गोव्यामुळे. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर ज्याच्या राजवटीने गोळ्या झाडल्या, तोच हा. पण हा काही कमरेला तलवार लावून मिरवणारा हुकूमशहा नव्हे. हा कोइंब्रा विद्यापीठातला अर्थशास्त्राचा प्राध्यापक. १९२८ मध्ये तो अर्थमंत्री झाला, १९३२ मध्ये पंतप्रधान, आणि पुढे छत्तीस वर्षे जागचा हलला नाही. लग्न केले नाही, की थाटमाट केला नाही. त्याची हत्यारे दोन : 'पीडे' हे गुप्त पोलीस खाते आणि एक निळी पेन्सिल. वर्तमानपत्राचा मजकूर छापण्यापूर्वी सरकारी तपासनिसापुढे जाई आणि नको तेवढा भाग त्या पेन्सिलीने खोडून परत येई. माझ्याही हाती तांबडी शाई असते. पण मी चूक खोडतो, तेथे बरोबर असलेलेच खोडले जाई.

ऑगस्ट १९६८. सालाझार एकोणऐंशी वर्षांचा होता. एस्तोरिल येथे समुद्रकाठच्या जुन्या किल्ल्यात तो उन्हाळा घालवीत होता. पायांची निगा राखणारा माणूस आला होता. सालाझार कापडी खुर्चीत बसायला गेला, खुर्ची कोलमडली आणि त्याचे डोके फरशीवर आपटले. "कोठे बोलू नका," एवढीच त्याची ताकीद. महिनाभर तो कामकाज पाहत राहिला. सप्टेंबरच्या आरंभी डोके असह्य दुखू लागले, आणि ६ सप्टेंबरच्या रात्री लिस्बनच्या रेडक्रॉस इस्पितळात त्याच्या मेंदूवर साकळलेले रक्त काढण्यात आले. त्यानंतर प्रजेला पत्रके मिळू लागली. परंतु चाळीस वर्षे खोडलेलाच मजकूर वाचलेली माणसे पत्रकात काय आहे ते वाचत नाहीत, काय नाही ते शोधतात. खुर्ची मोडलीच नव्हती, तो न्हाणीघरात पडला, असेही पुढे सांगितले गेले. ज्याने बातम्या कोंडल्या, त्याच्या स्वतःच्या पडण्याचीसुद्धा धड एक कथा उरली नाही.

१६ सप्टेंबरला झटका येऊन तो बेशुद्ध झाला. आता हा वाचत नाही असे धरून राष्ट्राध्यक्ष तोमाश यांनी मार्सेलो कायतानो यांना नेमले आणि २७ सप्टेंबरला त्यांनी पंतप्रधानपदाची शपथ घेतली. पण म्हातारा चिवट निघाला. तो शुद्धीवर आला, बोलू लागला. आता त्याला सांगायचे कोणी?

त्या वेळी लिस्बनजवळच्या काशियाशच्या तुरुंगात आपले मोहन रानडे होते. गोव्यात मराठी शिकवायला गेलेले सांगलीचे हे मास्तर १९५५ पासून कैदेत होते. जानेवारी १९६९ मध्ये ते सुटले. पुढच्याच महिन्यात सालाझार आपल्या सरकारी निवासस्थानी परतला, तो मात्र एका निराळ्याच कैदेत. जुने मंत्री भेटायला येत आणि तोच अजून पंतप्रधान आहे असे भासवीत. अनेक वर्षे घर सांभाळणारी दोना मारिया त्याच्याजवळ कोणी भलते बोलणार नाही याची काळजी घेई. एका फ्रेंच वार्ताहराशी तो बोलला, तेही राज्य आपणच चालवीत आहोत अशा थाटात. २७ जुलै १९७० रोजी तो वारला. आपले पद गेल्याचे त्याला अखेरपर्यंत कोणी सांगितले नाही.

हे वाचताना मला आमची आजी आठवते. तिचा धाकटा भाऊ गेल्याचे आम्ही तिला कळू दिले नव्हते. ती त्याची खुशाली विचारी, आम्ही "बरा आहे" म्हणत असू. म्हणून दोना मारियावर रागावणे मला जमत नाही. मात्र आजीने कोणाचे तोंड कधी बंद केले नव्हते. तिच्याशी आम्ही मायेने खोटे बोललो. सालाझारच्या दारी माया किती आणि वर्षानुवर्षांची सवय किती, हे त्या मंत्र्यांनाही सांगता आले असते असे मला वाटत नाही.

आणि एक गोष्ट राहतेच. डिसेंबर १९६१ मध्ये त्याने गोव्याच्या गव्हर्नरला, शरण जाऊ नका, विजयी व्हा किंवा मरा, अशा अर्थाचा आदेश धाडला होता. वासालो इ सिल्व्हा यांनी १९ डिसेंबरला शरणागती पत्करून माणसे वाचवली, तर त्यांनाच शिक्षा झाली. गोवा गेला हे सालाझारने मरेपर्यंत मान्य केले नाही. पोर्तुगालने ते मान्य केले १९७४ च्या डिसेंबरात, तेथील क्रांतीनंतर. नकोशी बातमी आणणाऱ्याचे काय होते हे त्याने सर्वांना असे शिकवून ठेवले होते. आणि त्याच्या आजारपणात एकही जण तो धडा विसरला नाही.