जाहिरात : ग्राहकवृत्ती व संस्कृतिभेद

जाहिरातीवर विश्वास ठेवणे, ती आवडीने पाहणे, तिला वैतागणे वा तिच्यावर आक्षेप घेणे याकडे असलेला ग्राहकांचा समाजागणिक बदलणारा कल. अमेरिकेत रेमंड बाउअर व स्टीफन ग्रेसर (१९६८) यांनी लोकांनाच जाहिरातींची प्रतवारी करायला लावली : रंजक, माहितीपर, त्रासदायक, आक्षेपार्ह. ही वर्गवारी इतर समाजांना जशीच्या तशी लागू पडेलच असे नाही. समाज काय खपवून घेतो याचा अधिक भक्कम पुरावा त्याच्या कायद्यांत सापडतो.

तुलनात्मक जाहिरात : प्रतिस्पर्ध्याचे नाव घेऊन आपला माल सरस ठरवण्याला अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने १९७९ मध्ये उत्तेजन दिले, त्यातून ग्राहकाला माहिती मिळते, ही त्यामागची भूमिका. जर्मनीत न्यायालये हीच गोष्ट अनुचित स्पर्धा मानून सामान्यतः रोखत. १९९७ च्या युरोपीय निर्देशाने ती अटींसह खुली केली. जपानमध्ये १९८७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी पडताळता येणाऱ्या तुलनेला वाट दिली. तरीही तेथे नाव घेऊन केलेली तुलना विरळाच राहिली. दुसऱ्याला चारचौघांत खाली पाहायला लावणे जपानी ग्राहकाला रुचत नाही, असे कारण सहसा देतात. मात्र सवय आधीची की निर्बंध, हे वेगळे काढणे कठीण आहे.

मुले : कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात १३ वर्षांखालील मुलांना उद्देशून जाहिरात करण्यास १९८० पासून बंदी.

सार्वजनिक जागा : ब्राझीलच्या साउं पाउलू शहराने १ जानेवारी २००७ पासून रस्त्यावरचे जाहिरातफलक हटवले, दुकानांच्या पाट्यांच्या आकारावरही मर्यादा आली.

चीन : शांघाय दूरचित्रवाणीवर १९७९ मध्ये जाहिराती सुरू झाल्या. २००३ मध्ये चिनी परंपरेत मानाचे असलेले दगडी सिंह मोटारीला सलामी देताना जाहिरातीत दाखवल्यावरून जपानच्या टोयोटा कंपनीला माफी मागावी लागली.

भारत : विविध भारतीवर १९६७ मध्ये मुंबई, पुणे व नागपूर येथून, तर दूरदर्शनवर १९७६ पासून जाहिराती आल्या. चमत्कारी औषधांच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने आळा घातला. १९५९ च्या हमदर्द दवाखाना निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशा जाहिरातींना भाषणस्वातंत्र्याचे संरक्षण नाकारले. १९९५ च्या टाटा प्रेस निकालात मात्र व्यापारी जाहिरात हे भाषणच असून ते वाचण्या-ऐकण्याचा ग्राहकालाही हक्क आहे, असे ठरले. ग्राहकाला हक्कदार मानणारा हा निकाल या विषयात विशेष महत्त्वाचा. मुंबईस्थित जाहिरात मानक परिषद (१९८५) तक्रारी ऐकते. गोरेपणाचा दावा करणाऱ्या मलमांच्या जाहिरातींवर महिला संघटनांनी दीर्घकाळ आक्षेप घेतले. सावळ्या रंगाला कमी लेखू नये, असे परिषदेने २०१४ मध्ये बजावले आणि २०२० मध्ये ‘फेअर अँड लव्हली’ या मलमाच्या नावातून ‘फेअर’ (गोरा) हा शब्द गेला.