उणे ३० अंशांतही फळं देणारी झाडं! थंड प्रदेशात परसबागेसाठी फळझाड कसं निवडतात?

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात हिवाळ्यात पारा उणे ३० अंश सेल्सिअसच्याही खाली जातो. १८५३ मध्ये पीटर गिडियन नावाचा माणूस तिथे राहायला आला आणि त्याने फळबाग लावली. पुढच्या काही वर्षांत जवळपास सगळी झाडं थंडीने मेली. हातात शेवटचे आठ डॉलर उरले असताना त्याने त्या पैशांतून मेन राज्यातून सफरचंदाचं बी मागवलं, असं सांगतात. त्यातलं एक रोप तगलं. त्या जातीला त्याने बायकोचं नाव दिलं : 'वेल्थी'.

आज तिथल्या माणसाला असा जुगार खेळावा लागत नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याने देशाचे थंडीनुसार १३ झोन पाडलेत. झोन ४ म्हणजे हिवाळ्यातलं सर्वांत कमी तापमान सरासरी उणे ३४ ते उणे २९ अंश, झोन ३ म्हणजे त्याहून कडक. रोपाच्या चिठ्ठीवर झोन छापलेला असतो. आपल्या झोनमध्ये न बसणारं रोप कितीही टवटवीत दिसलं तरी घेऊ नये.

मात्र झाड जगलं म्हणजे फळ आलंच, असं नाही. पीचचं झाड हिवाळा काढतं, पण साधारण उणे २५ अंशांच्या आसपास त्याच्या फुलकळ्या मरू लागतात. मग उन्हाळ्यात नुसती पानं! सफरचंदात अडचण वेगळी. 'ग्रॅनी स्मिथ' किंवा 'फुजी' पिकायला इतका वेळ घेतात की त्याआधीच कडक थंडी येते. म्हणून मिनेसोटा विद्यापीठाच्या जाती बऱ्या : १९२२ ची आंबटसर 'हॅरलसन', १९९१ ची 'हनीक्रिस्प', किंवा ऑगस्टअखेरीस पिकणारी 'झेस्टार'.

कमी थंडीत फळणाऱ्या जातींचं उलटं असतं. महाराष्ट्रात काही शेतकऱ्यांनी लावलेली 'एचआरएमएन-९९' ही त्यातलीच. अशा जातीची झोप लवकर मोडते. थंड प्रदेशात फेब्रुवारीत चार दिवस ऊब आली की झाड जागं होतं आणि पुढच्या गोठणाऱ्या रात्री सापडतं.

कलम कोणत्या खुंटावर बांधलंय, हेही विचारावं. वरची जात काटक आणि मुळं नाजूक असतील, तर बर्फाचं पांघरूण नसलेल्या हिवाळ्यात झाड जमिनीखालूनच जातं. रशियातल्या 'अँटोनोव्हका' सफरचंदाचा खुंट यासाठी नावाजलेला आहे, फक्त त्यावरचं झाड मोठं होतं. लहान अंगणात ते मावत नाही.

सफरचंदाला परागासाठी जवळपास दुसऱ्या जातीचं झाड लागतं. शेजाऱ्याचं क्रॅबॲपलही चालतं. एकाच झाडापुरती जागा असेल तर आंबट चेरी लावावी, ती एकटीही फळते.

जागा निवडताना खोलगट कोपरा टाळावा, कारण गार हवा उतरून तिथेच साचते आणि वसंतातला मोहर जाळते. हिवाळ्यात खोडाला पांढरं आवरण घालतात. दुपारच्या उन्हाने तापलेली साल रात्री गोठून फाटत नाही, आणि भुकेल्या सशांनाही ती कुरतडता येत नाही.