डाख नसलेले बटण

कफलिंकचे धाकटे भावंड म्हणजे सुट्या कॉलरचे बटण: वर डोके, खाली बैठक, मध्ये दांडी. पूर्वी हे भाग वेगवेगळे करून डाख देऊन जोडत. त्या उष्णतेने धातू मऊ पडे. तांब्याची तार पुन्हा पुन्हा वाकवली तर ती ताठ होते, तापवली की परत मऊ. वर्गात हे सहज करून पाहता येते. ठोकून-दाबून आलेला कणखरपणा तापवल्याने जातो.

अमेरिकेतील जॉर्ज क्रेमेन्ट्झ यांनी १८८४ साली पेटंट घेतले, ते पत्र्याच्या एकाच सलग तुकड्यातून घडवलेल्या पोकळ बटणाचे. काडतुसाचे कवच ठशात दाबून ओढतात, तसलाच हा प्रकार. जोड नाही म्हणून डाख नाही, आणि कणखरपणा टिकतो. पोकळ असल्याने धातूही कमी लागतो.

पुढे खटला झाला. कनिष्ठ न्यायालयाच्या मते यात शोध असा काही नव्हताच. ही केवळ कारागिरी. १८९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. गोष्ट इतकी उघड होती, तर आधीच्या संशोधकांना ती का दिसली नाही? शिवाय बाजारात या बटणाने जुन्यांना मागे सारले होते. आम्हाला यातला पहिला मुद्दाच वजनदार वाटतो. खप काय, जाहिरातीनेही वाढतो.