आधी हात, मग पाणी

उल्हास नदी चामटोलीच्या जवळची, पण तान्ह्याला नदीत न्यायची रीत आमच्याकडे नव्हती. त्याचं पहिलं पाणी न्हाणीतलंच. सासूबाई घरोघरी बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायला जात. पाणी भरायला मी सोबत जायचे, तिथेच शिकले.

पाटावर बसून पाय लांब सोडायचे, नडग्यांवर बाळ पालथं घ्यायचं. कोमट खोबरेल अंगात जिरलं की बंबातल्या पाण्यात विसण घालायचं आणि कोपर बुडवून बघायचं. पाणी आधी पायांवर, मग पाठीवर. डोक्यावर सगळ्यात शेवटी, तेही कपाळाशी आडवा हात धरून. लगेच धुवट लुगड्यात गुंडाळायचं. नाकात तेल सोडणं आणि ओव्याची धुरी देणं मात्र वाईटच. बाळाच्या छातीला ते सोसत नाही. ते बंद झालं हे बरं झालं.

पोहणं बरंच पुढे, पोर कळतं झाल्यावर, विहिरीत. पाठीला सुका भोपळा नाहीतर पांगाऱ्याचं हलकं लाकूड बांधायचं. पुढे पत्र्याचा डबा आला, मग ट्यूब आली. काठावर दोर धरून मामा-काका उभे असायचेच.

बाळाला उपजतच पोहता येतं, असं हल्ली ऐकू येतं. अमेरिकेतल्या मर्टल मॅकग्रॉ यांनी 1939 मध्ये तान्ह्यांच्या पाण्यातल्या हालचालींचा अभ्यास प्रसिद्ध केला. काही आठवड्यांची बाळं पाण्यात लयीत हातपाय मारतात हे खरं. पण श्वासासाठी तोंड वर काढणं त्यांना जमत नाही, आणि ती लयही काही महिन्यांत मोडते. त्या भरवशावर हात सोडणं म्हणजे जिवाशी खेळ.

आमच्या नदीचा पावसाळा तर सगळ्यांनी पाहिलाय. 27 जुलै 2019 ला महालक्ष्मी एक्स्प्रेस इथेच पुरात अडकली. हजारावर प्रवासी सुखरूप बाहेर निघाले, त्यांत नऊ गरोदर बायका होत्या. त्या दिवसांत लेकरू कडेवर घेऊन काठाशीसुद्धा जाऊ नये.

आता सुना नातवंडांना तलावावर नेतात. खुशाल न्यावं. मान धरलेली हवी, पाणी 32 अंशांच्या आसपास हवं, पहिल्या खेपेला दहा मिनिटं पुरेत. ओठ निळसर दिसले की तडक बाहेर काढून पुसायचं. गळ्यात घालायच्या फुगवलेल्या कड्याबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2022 मध्ये धोक्याची सूचना दिली आहे. ते घेऊच नये. आपण स्वतः पाण्यात उतरायचं, बाळाच्या काखेत दोन्ही हात घालायचे आणि त्याचं तोंड आपल्याकडे ठेवायचं.