युरियातील नत्र हवेत का उडते?

युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्के, म्हणजे सुमारे २०.७ किलो नत्र असते. ते सगळेच पिकाला मिळत नाही. काही नत्र पाण्यासोबत खाली झिरपते, तर काही अमोनिया वायूच्या रूपात जमिनीवरूनच उडून जाते. समजा, गोणीतील एक पंचमांश नत्र असे उडाले, तर सुमारे ९ किलो युरिया वाया गेला. हे नुकसान डोळ्यांना दिसत नाही, पण बऱ्याच अंशी टाळता येते. त्यासाठी सौम्य आम्ल आणि सौम्य आम्लारी यांची अभिक्रिया समजून घेऊ.

जमिनीत काय घडते?

ओलावा मिळताच युरिया विरघळतो. जमिनीतील युरिएज हे विकर (एन्झाइम) त्याचे अमोनियम कार्बोनेटमध्ये रूपांतर करते. उबदार, ओल्या जमिनीत ही क्रिया काही दिवसांतच बरीचशी पूर्ण होते.

अमोनियम कार्बोनेट हा अमोनिया आणि कार्बोनिक आम्ल यांच्यापासून बनलेला क्षार आहे. अमोनिया ही सौम्य आम्लारी आणि कार्बोनिक आम्ल हे सौम्य आम्ल. दोघांचीही पकड सैल, त्यामुळे क्षार बनतो तसा उलटही फुटत राहतो. फुटल्यावर एकीकडे अमोनिया, दुसरीकडे कार्बन डायऑक्साइड, असे दोन्ही वायू तयार होतात. बंद बाटलीत ते पुन्हा एकत्र येऊ शकतात. उघड्या शेतात वारा त्यांना घेऊन जातो आणि अभिक्रिया फुटण्याच्या दिशेने पुढे सरकते.

अमोनियम सल्फेटमध्ये मात्र अमोनियासोबत गंधकाम्ल हे तीव्र आम्ल असते. ते अमोनियाला धरून ठेवते, म्हणून ते खत स्वतःहून सहसा उडत नाही.

सामूचा संबंध

जमिनीतील पाण्यात नत्र दोन रूपांत असते: अमोनियम आणि अमोनिया. अमोनियम मातीच्या चिकण कणांना धरून राहते, अमोनिया उडतो. कोणाचे प्रमाण किती, हे सामू ठरवतो. २५ अंश सेल्सिअस तापमानाला अमोनियाचा वाटा साधारण असा असतो:

- सामू ७.२५ : सुमारे १ टक्का
- सामू ८.२५ : सुमारे ९ टक्के
- सामू ९.२५ : सुमारे ५० टक्के

युरियाचे विघटन होताना दाण्याभोवतीचा सामू काही दिवस चांगलाच वाढतो. त्यामुळे आम्लधर्मी जमिनीतही थोडे नत्र उडू शकते. पण जमीन मुळातच ८ च्या पुढे सामू असलेली, चुनखडीयुक्त असेल, तर धोका जास्त. तापमान आणि वारा वाढला की तो आणखी वाढतो.

"मग अमोनियम सल्फेट टाकले तर?"

चुनखडीच्या जमिनीत याचे उत्तर सरळ नाही. तेथे अमोनियम सल्फेटची चुन्याशी अभिक्रिया होऊन जिप्सम आणि अमोनियम कार्बोनेट तयार होते, म्हणजे पुन्हा तीच सैल जोडी. म्हणून अशा जमिनीत हे खतही वरच्या वर न फोकता मातीआड करावे.

आपली जमीन चुनखडीची आहे का, याचा अंदाज घरीच घेता येतो. कोरड्या मातीच्या ढेकळावर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर टाका. बुडबुडे आले, तर मातीत मुक्त चुना आहे. बुडबुडे आले नाहीत तरी चुना कमी प्रमाणात असू शकतो. नेमके प्रमाण माती परीक्षणातूनच कळेल.

निंबोळी आवरणाने हे थांबते का?

हा गैरसमज बऱ्याच ठिकाणी आढळतो. निंबोळी आवरणाचा मुख्य उपयोग पुढच्या टप्प्यावर होतो. अमोनियमचे नायट्रेटमध्ये होणारे रूपांतर त्यामुळे मंदावते आणि नायट्रेट झिरपून जाण्याचे प्रमाण कमी होते. युरियापासून अमोनिया तयार होण्याची क्रिया त्याने थांबत नाही. म्हणून निंबोळीयुक्त युरियाही उघडा ठेवू नये.

शेतात काय करावे?

१. मातीआड करा. युरिया ५ ते ७ सेंमी खोल पेरून द्या किंवा टाकल्यावर लगेच कोळपणी करा. वर सुटणारा अमोनिया मातीत अडकतो आणि अमोनियम होऊन कणांना चिकटतो.

२. टाकल्यावर पाणी द्या. युरिया विघटनापूर्वी पाण्यासोबत सहज खाली जातो. १२ ते १५ मिमी पाणी पुरेसे होते. १५ मिमी म्हणजे एकरी सुमारे ६० हजार लिटर. जास्त पाणी दिल्यास नत्र मुळांच्या खाली जाईल.

३. नुसत्या दमट पृष्ठभागावर फोकू नका. दव किंवा भुरभुर पावसाने दाणे विरघळतात, पण खाली जात नाहीत. त्यानंतर ऊन पडले, तर सर्वाधिक नुकसान होते.

४. पाचटावर युरिया टाकून ठेवू नका. उसाच्या पाचटावर युरिएजचे प्रमाण जास्त असते आणि अमोनिया धरायला माती नसते. पाचट बाजूला सारून खत मातीत द्या. ठिबक असल्यास पाण्यातून विभागून द्या.

५. भातखाचरात खोल द्या. साचलेल्या पाण्यातील शेवाळ दिवसा कार्बन डायऑक्साइड शोषते, त्यामुळे दुपारी पाण्याचा सामू ९ च्याही वर जाऊ शकतो. शक्य असल्यास युरिया-डीएपी ब्रिकेट चार चुडांच्या मध्ये ७ ते १० सेंमी खोल खोचा.

६. चुना किंवा राखेत मिसळू नका. दोन्ही सामू वाढवतात. डोळे चुरचुरणारा वास आला, तर नत्र उडू लागले असे समजा.

७. बियाण्याला चिकटून देऊ नका. मातीत कोंडलेला अमोनिया कोवळ्या मुळांना जाळतो. खत बियाण्यापासून थोडे बाजूला पडेल अशी व्यवस्था करा.

विस्तार कार्यकर्त्यांनी शिफारशीत फक्त किलो न सांगता खत कोठे टाकावे आणि पाणी केव्हा द्यावे, हेही लिहून द्यावे. पीक पिवळे दिसले की शेतकरी आणखी एक गोणी आणतो. त्याआधी मागची गोणी कशी टाकली होती, एवढे विचारून पाहा.