भिंतीतली काढलेली वीट

रॉक संगीत म्हटले की आमच्या पिढीपुढे विजेवरची गिटार आणि कानठळ्या बसवणारा गोंगाट एवढेच चित्र उभे राहते. त्या संगीताच्या इतिहासातील एक धाडसी प्रयोग मात्र मुंबईच्या फोर्ट भागात, आपल्याच वादकांच्या हातून घडला. ‘बीटल्स’ या इंग्रज चौकडीतील जॉर्ज हॅरिसन याची ‘वंडरवॉल म्युझिक’ ही तबकडी १ नोव्हेंबर १९६८ रोजी इंग्लंडमध्ये निघाली. बीटल्सच्या ‘अ‍ॅपल’ कंपनीचा हा पहिलाच अल्बम होय.

सप्टेंबर १९६६ मध्ये हॅरिसन पंडित रविशंकरांकडे सतार शिकण्यासाठी मुंबईत आला होता. पुढे जो मॅसॉट या दिग्दर्शकाने ‘वंडरवॉल’ चित्रपटाचे संगीत त्याच्याकडे सोपवले. एका एकलकोंड्या प्राध्यापकाला घराच्या भिंतीतील छिद्रातून शेजारच्या तरुणीचे रंगीबेरंगी जग दिसते, अशी ती कथा. संवाद थोडे असल्याने बोलण्याचे काम संगीताकडे आले. हॅरिसनने स्टॉपवॉच लावून प्रसंगांची लांबी मोजली आणि त्या मापाचे तुकडे रचले.

काही ध्वनिमुद्रण लंडनमध्ये झाले. तेथे लिव्हरपूलचा ‘रेमो फोर’ हा वाद्यवृंद होता, आणि रविशंकरांचा शिष्य असलेला पियानोवादक जॉन बारहॅम मदतीला होता. भारतीय भाग जानेवारी १९६८ मध्ये फिरोजशहा मेहता रस्त्यावरील एच. एम. व्ही. च्या स्टुडिओत मुद्रित झाला. तेथील सामग्री बेताचीच होती. कंपनीचे भास्कर मेनन यांनी दोन ट्रॅकचे यंत्र कलकत्त्याहून आणवले. रस्त्यावरील वाहनांचा आवाजही आत येई. याच मुक्कामात ‘द इनर लाइट’ या गाण्याचे वाद्यसंगीतही झाले. ताओ ते चिंग या चिनी ग्रंथातील विचारावर आधारलेले हे गाणे मार्च १९६८ मध्ये ‘लेडी मॅडोना’च्या मागील बाजूस प्रसिद्ध झाले. बीटल्सच्या एकल तबकडीवर हॅरिसनची रचना येण्याची ती पहिलीच वेळ.

अल्बममध्ये एकोणीस तुकडे आहेत. आरंभ शहनाईने होतो आणि लगेच जुन्या धाटणीचा पियानो ठेका धरतो. एका तुकड्यात केवळ तबला-पखवाज, दुसऱ्यात अमेरिकी गुराख्यांच्या गाण्याची चाल. एरिक क्लॅप्टनची करकरीत गिटार थांबते न थांबते तोच कीरवाणीची गत सुरू होते. ‘ड्रीम सीन’मध्ये ध्वनिफितींचे तुकडे जोडून स्वप्नातला गोंधळ उभा केला आहे. प्रेमप्रसंगासाठी आशिष खाँ यांनी स्वतःच्याच मुद्रित सरोदवादनाला पुन्हा सरोदनेच उत्तर दिले आहे, तर विनायक व्होरा यांची तारशहनाई अक्षरशः रडते.

शुद्धतेचे आग्रही रसिक विचारतील की कीरवाणीला दोन मिनिटेही न देणे हा रागावर अन्याय नव्हे काय? आक्षेप खरा आहे. येथे राग उलगडत नाही, नुसता डोकावून जातो. तरीही हा अल्बम आम्हास मोलाचा वाटतो. येथे सरोदला गिटार होण्यास कोणी सांगितलेले नाही, आणि गिटारीनेही सतारीचे सोंग घेतलेले नाही. प्रत्येक वाद्य आपल्या घरची बोली बोलते आणि तरी शेजाऱ्याचे ऐकते. बडोद्यासारख्या संस्थानी गावात वाढलेल्यांना ही रीत परकी वाटू नये. सयाजीरावांच्या या नगरीत १८८६ साली गायनशाळा निघाली ती मौलाबक्षांच्या हातून. शेजाराने आपले काही बुडत नाही, हा आपल्या घराण्यांचाही पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. मात्र त्यासाठी आपली बोली आपल्याला नीट यावी लागते. मुंबईच्या त्या स्टुडिओतील प्रत्येक वादकाला ती येत होती.

म्हणूनच त्यांची नावे विसरली जाऊ नयेत. शिवकुमार शर्मा पुढे जगप्रसिद्ध झाले. महापुरुष मिश्र, शंकर घोष, शंभू दास, रिजराम देसाड, बासरीवादक एस. आर. केंकरे ही नावे मात्र श्रेयनामावलीतच राहिली. केंकरे हे आडनाव तरी आपल्या गोमंतकीय वाचकांना ओळखीचे वाटेल. हॅरिसन २००१ मध्ये निवर्तला. ‘ओॲसिस’ या इंग्रज वाद्यवृंदाच्या १९९५ च्या गाण्यामुळे ‘वंडरवॉल’ हा शब्द आपल्या नातवंडांनाही ठाऊक आहे, पण त्याचे मूळ या तबकडीत आहे हे थोड्यांनाच माहीत असते.

तबकडीच्या वेष्टनावर बॉब गिल यांचे चित्र आहे. उंच भिंतीच्या एका बाजूस काळी टोपी घातलेला इंग्रज गृहस्थ, दुसऱ्या बाजूस भारतीय स्त्रिया. चित्रातल्या भिंतीची एक वीट हॅरिसनने काढावयास लावली, त्या गृहस्थाला पलीकडचे दिसण्याची संधी मिळावी म्हणून. बाकीची भिंत त्याने तशीच राहू दिली.